एकच पुस्तक सांगा म्हणणाऱ्यांना

'आपण कोण, कुठले, हे नातवंडांना कळेल असे एखादे पुस्तक सांगा. पण एकच सांगा हं, जास्त कोण वाचतंय!' अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडून ही मागणी मला वारंवार येते. सणाला चार घरे एकत्र आली की कोणीतरी विचारतेच. जन्मभर शाळेत शिकवले, तेव्हा प्रत्येक दुखण्यावरचे पुस्तक हिच्याकडे असणार, असा लोकांचा समज. मीही बरीच वर्षे एकच नाव सांगत आले. आता सांगत नाही. त्याचे कारण आज लिहिते.

आपल्याविषयी अमेरिकेत निघालेली तीन पुस्तके घेऊ. तिन्ही इंग्रजीत आहेत, तिन्ही स्त्रियांनी लिहिली आहेत, आणि तिन्हींची जात अगदी निराळी आहे.

पहिले शर्ली बेरी आयझेनबर्ग यांचे 'इंडियाज बेने इस्राएल'. हे 1988 साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथील ज्यूडा मॅग्नेस म्युझियम आणि मुंबईचे पॉप्युलर प्रकाशन यांनी काढले. जाडजूड संदर्भग्रंथ आहे. नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, शनिवार तेली हे नाव, सणवार, मलिदा, सिनेगॉग, शाळा, इस्राएलला झालेले स्थलांतर, सगळे एका ठिकाणी मिळते. हाईम समुएल केहीमकर यांचा इतिहास 1897 मध्ये लिहून झाला होता, पण तो छापून निघाला 1937 मध्ये, तेल अवीवला. तो आज सहज हाती लागत नाही. अशा वेळी आयझेनबर्ग बाईंच्या ग्रंथाने आपल्यावर उपकारच केले आहेत. मी इतकी वर्षे सांगत आले ते नाव याच पुस्तकाचे.

त्याचा दोषही सांगते. तो हिशेबाच्या वहीसारखा वाचावा लागतो. माणसे आहेत, पण ती हसत नाहीत, भांडत नाहीत, कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. शाळेत आम्ही ज्याला 'माहितीपर' म्हणायचो तसे हे लेखन. यातून माहिती मिळेल, भावना मिळणार नाही, असे माझे मत होते.

दुसरे कार्मित डेलमन यांचे 'बर्न्ट ब्रेड अँड चटनी', 2002 साली न्यूयॉर्कहून निघालेले. आई बेने इस्राएल, वडील पूर्व युरोपीय वंशाचे अमेरिकन ज्यू. दोघांची गाठ इस्राएलमध्ये पडली. मुलगी वाढली अमेरिकेत, काही काळ किबुत्झवर. ज्यूंच्या उन्हाळी शिबिरांत जाणारी, इथल्या बँडची गाणी ऐकणारी, आणि घरी नानाबाई नावाची आजी असणारी ही मुलगी आपल्या रंगाबद्दल, स्वयंपाकघरातल्या वासाबद्दल, आजीच्या गप्प राहण्याबद्दल लिहिते. हे आत्मकथन आहे. यातून भावना मिळेल, पण माहिती फारशी नाही, असे मी ठरवून टाकले होते.

तिसरे सादिया शेपर्ड यांचे 'द गर्ल फ्रॉम फॉरेन', 2008 साली न्यूयॉर्कच्या पेंग्विन प्रेसने काढलेले. लेखिका बॉस्टनजवळ वाढली. आई पाकिस्तानी मुसलमान, वडील अमेरिकन ख्रिस्ती. तेराव्या वर्षी तिला कळले की घरातल्या आजीचे मूळ नाव रेचल जेकब्स, आणि ती आपल्या समाजातली. मुसलमान गृहस्थाशी लग्न करून ती फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेली. शेवटच्या दिवसांत आजीने नातीकडून वचन घेतले, आणि ती नात 2001 साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आली. पुण्यामुंबईस राहून, कॅमेरा घेऊन ती कोकणात आपली माणसे शोधत हिंडली.

हे पुस्तक मी प्रथम वाचले तेव्हा मला राग आला होता, हे कबूल करते. माझ्या वयाच्या बऱ्याच बायकांनाही आला. 'सोडून गेलेल्यांची गोष्ट जगभर गाजते, आणि जी माणसे शब्बाथ, सुंता, एलियाहू हन्नबीचा नवस सगळे सांभाळून राहिली त्यांची गोष्ट कोणी विचारत नाही!' असे आम्ही बोललो. मीच बोलले, सर्वांत मोठ्याने.

आता या तीन पुस्तकांचे तीन वाचकांनी काय केले ते पाहा.

आयझेनबर्ग बाईंचा ग्रंथ मी माझ्या भाच्याला दिला होता. तो इथेच जन्मलेला, मराठी कानावर पडले की समजते, वाचता येत नाही. हिशेबी माणूस, म्हणून त्याला हिशेबी पुस्तक. एका रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. मी घाबरलेच. तो म्हणाला, 'मावशी, आपल्या आडनावातलं गाव खरंच आहे?' आडनावापुढचा 'कर' म्हणजे त्या गावचा, एवढे साधे आपण त्याला कधी सांगितलेच नव्हते. त्याला वाटत होते, ते नुसते शेपूट आहे. इथल्या शिक्षकांना उच्चारता येत नाही म्हणून शाळेत असताना ते गाळायचा त्याचा विचार होता. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला. ज्या पुस्तकात कोणी रडत नाही म्हणून मी नाक मुरडले होते, त्याने एका चाळिशीच्या माणसाला रडवले.

'बर्न्ट ब्रेड अँड चटनी' वाचले आमच्या इथल्या सिनेगॉगमधल्या एका बाईंनी. जन्माने अमेरिकन, स्वभावाने सरळ. त्यांनी त्यातून घेतली ती माहिती! तुमच्याकडे आजीला असेच वागवतात का, लग्ने अशीच ठरतात का, चटणी रोज करता का, अशी प्रश्नांची यादी घेऊन त्या माझ्याकडे आल्या. एका घराची गोष्ट त्यांनी सबंध समाजाची म्हणून वाचली होती. लेखिकेने तसा दावा कुठे केलेला नाही. पण ज्या वाचकाला आपला दुसरा एकही माणूस ठाऊक नाही, त्याच्या हाती पडलेले एकच घर म्हणजे सारा गाव होतो. त्या बाईंना आयझेनबर्गचा ग्रंथ आधी मिळायला हवा होता. मी तो नंतर दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, 'म्हणजे तुम्ही लोक एकमेकांसारखे नाही तर!' मी म्हटले, 'एका बाकावरची दोन मुलंसुद्धा नसतात.'

आणि 'द गर्ल फ्रॉम फॉरेन' वाचले माझ्या नातीने. मी दिले नव्हते. ती ते कॉलेजच्या ग्रंथालयातून घेऊन आली. तिचे वडील अश्केनाझी, तेव्हा दोन घरांतले राहणे म्हणजे काय ते तिला शिकवायला नको. मला वाटले, आता ही विचारणार समुद्र, गलबत आणि कोकणाबद्दल. तिने विचारले वेगळेच. 'आजी, तुझ्याही घरात असं कोणी आहे का, जिचं नाव तुम्ही घेत नाही?'

होती. माझी एक चुलत आत्या होती. तिने समाजाबाहेर लग्न केले, आणि त्या दिवसापासून तिचे नाव आमच्या घरात निघाले नाही. मी दहा वर्षांची असेन. मोठ्या माणसांनी सांगितले, विचारायचे नाही. मी विचारले नाही. पुढे मी शेकडो मुलांना 'प्रश्न विचारा, भिऊ नका' असे शिकवले आणि स्वतः साठ वर्षे गप्प राहिले. त्या रात्री नातीला सगळे सांगितले. आत्याचे नाव उच्चारताना माझी जीभ अडखळली.

त्यानंतर मी ते पुस्तक पुन्हा काढून वाचले. पहिल्या वाचनात मला दिसली होती समाज सोडून गेलेली आजी. दुसऱ्या वाचनात दिसली, कोणी विचारीपर्यंत वाट पाहत बसलेली आजी. पुस्तकातला एक शब्दही बदललेला नव्हता. माझे त्यावरचे आक्षेप आजही आहेत. गलबताच्या दंतकथेची तिला जरा जास्तच भुरळ पडली आहे, आणि आपल्या लोकांचा रोजचा संसार त्या धुक्यात मागे राहतो. पण 'हे आपले पुस्तक नाही' हे माझे म्हणणे मी मागे घेते.

तेव्हा माहितीच्या पुस्तकातून भावना आली, भावनेच्या पुस्तकातून माहिती, आणि ज्याला मी परक्याचे म्हटले त्यातून माझ्याच घराची गोष्ट बाहेर पडली. माझ्या मते याचे कारण साधे आहे. पुस्तक कोणत्या प्रकारचे आहे यावर वाचक काय घेतो हे ठरत नाही. वाचकाजवळ काय नाही, यावर ठरते. भाच्याजवळ गाव नव्हते, त्याने गाव घेतले. शेजारणीजवळ माहिती नव्हती, तिने मिळेल तिथून ती घेतली. नातीजवळ आजीचे उत्तर नव्हते.

हे काही आजचे नाही. अमेरिकेचा आणि आपला पुस्तकी संबंध दोनशे वर्षांहून जुना आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईस उतरले. त्यांच्या मिशनने मराठी शाळा काढल्या. त्यांत आपली मुले शिकली, आपल्यांपैकी काहींनी शिकवलेही. पुढे 1832 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, ते आपल्या लोकांसाठीच. या सगळ्यांचा हेतू उघड होता. बायबल हाती द्यावे, हिब्रू शिकवावी, म्हणजे हे लोक येशूपर्यंत पोचतील. आपल्या पूर्वजांनी बायबल घेतले, हिब्रूही घेतली, आणि बहुतेक सगळे आपल्याच सिनेगॉगकडे वळले. ख्रिस्ती झाले ते मोजकेच. देणाऱ्याने दिले एक, घेणाऱ्याने घेतले दुसरे. कारण आपल्या लोकांजवळ सण होते, शेमा होता, शनिवार होता. नव्हता तो ग्रंथ.

त्याचे फळ लवकरच दिसले. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत 1846 मध्ये छापली गेली, आणि दुसरी, चित्रांची, पुण्यात 1874 मध्ये. त्या पुण्याच्या हगादेत लुगडी नेसलेल्या बायका मात्सा करताना दाखवल्या आहेत. योसेफ हाईम येरुशाल्मी या थोर इतिहासकारांचे 'हगादा अँड हिस्टरी' 1975 मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीने काढले. त्यात जगभरच्या छापील हगादांच्या पानांबरोबर आपल्या पुण्याच्या हगादेलाही जागा आहे. हे पुस्तक इथल्या अनेक सिनेगॉगच्या ग्रंथालयांत धूळ खात असते. मी ते एका पेसहला घरी आणले. माझा धाकटा नातू सहा वर्षांचा. त्याला ना हिब्रू येत, ना मराठी, आणि येरुशाल्मींचे इंग्रजी तर त्याच्या बापालाही जड. त्याने त्या लुगड्यातल्या बाईवर बोट ठेवले आणि विचारले, 'आजी, ही तू आहेस?'

इतिहासकाराने ते पान दिले मुद्रणकलेचा नमुना म्हणून. पोराने त्यातून आजी घेतली.

म्हणून आता कोणी एकच पुस्तक मागितले, तर मी उलट विचारते: मुलाला काय ठाऊक नाही? ते त्यालाच विचारून या. गाव ठाऊक नसेल तर संदर्भग्रंथ द्या. घर ठाऊक नसेल तर आत्मकथन द्या. एक दिलेत तर त्याच्या विरुद्ध जातीचे दुसरे सोबत द्या, म्हणजे एका घराचा गाव होणार नाही आणि गाव नुसते यादीत राहणार नाही. आणि देऊन उठून जाऊ नका, जवळ बसा. ही पुस्तके इंग्रजीत आहेत; त्यांत जे नाही ते अजून मराठीत, तुमच्या आमच्या तोंडी आहे. आपल्यानंतर ते विचारायला मुलांना कोणी उरणार नाही.

एक छोटी गोष्ट मात्र सर्वांनी करावी. पुस्तक कोणतेही द्या, पहिल्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हाताने मराठीत चार ओळी लिहा: आपले गाव कोणते, आपले सिनेगॉग कोणते, आजीपणजीची नावे काय. ज्यांची नावे घरात घेत नाहीत, त्यांचीही लिहा. माझ्या नातीला दिलेल्या प्रतीत मी आत्याचे नाव सगळ्यांच्या आधी लिहिले आहे. तिला ते वाचता येत नाही. ती म्हणाली, 'आजी, हे मोठ्याने वाच.' मी वाचले.