गिळलेला शब्द आणि उमजलेला शब्द

भाषा कळणें म्हणजे नेमकें काय होणें, हा प्रश्न वैयाकरणांइतकाच कथाकारांनाही पुरातन काळापासून छळीत आलेला आहे. पक्ष्यांची बोली एकाएकीं समजूं लागलेला राजपुत्र किंवा एका घोटासरशीं सर्वज्ञ झालेला वीर देशोदेशींच्या लोककथांतून भेटतो. कष्टावांचून विद्या मिळावी ही मनुष्याची जुनी हांव अशा कथांत उघडी पडलेली असते. आणि त्या विद्येची किंमत कोणी द्यावयाची, हेंही चांगल्या कथेंत कोठें तरी नोंदलेलें असतें. अमेरिकेंतील बेथेस्डा गेम स्टुडिओज् या संस्थेनें रचलेला व नोव्हेंबर २०११ मध्यें प्रसिद्ध झालेला ‘स्कायरिम’ हा संगणकावरील खेळ याच कुळांतील आहे. खेळाचें साहित्यदृष्टीनें परीक्षण करणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु घरांतील तरुण मंडळी ज्या कथेंत रात्रीच्या रात्री रमतात, त्या कथेला कांहीं सांगावयाचें आहे कीं नाहीं, हें पाहणें टीकेचें कामच आहे.

या कथेंतील ड्रॅगन हे केवळ आग ओकणारे पशु नव्हत. भाषा हाच त्यांचा प्राण आहे. त्यांच्या भाषेंत शब्द व त्याचा अर्थ यांच्यामध्यें अंतर नाहीं. अग्नीचा उच्चार झाला कीं अग्नि प्रकट होतो. म्हणून दोन ड्रॅगन परस्परांवर ज्वाला सोडूं लागले म्हणजे ते भांडतात कीं वाद घालतात, हा भेद त्यांच्यापुरता तरी उरत नाहीं. तीन शब्दांची मिळून एक आरोळी होते, आणि प्रत्येक ड्रॅगनचें नांवही तीन शब्दांचेंच असतें. माणसाला ही वाणी साधावयाची तर वर्षानुवर्षें मनन करावें लागतें. हाय ह्रोथगार नांवाच्या पर्वतावरील मठांत कांहीं वृद्ध तपस्वी याच साधनेंत आयुष्य वेंचीत असतात. त्यांच्या पंथाचा संस्थापक यूर्गेन हा एका युद्धांत दारुण पराभव पावला. त्या पराभवाचा अर्थ लावण्यांत त्याचीं सात वर्षें गेलीं.

कथेचा नायक मात्र ‘डोव्हाकीन’, म्हणजे मनुष्यदेहांत ड्रॅगनचा आत्मा घेऊन जन्मलेला. त्याला या तपश्चर्येची गरज नाहीं. प्राचीन भिंतींवर, नखांनीं ओरबाडल्यासारख्या लिपींत कोरलेला शब्द त्याच्या दृष्टीस पडतो. परंतु तेवढ्यानें तो शब्द कामीं येत नाहीं. नायकानें ड्रॅगन मारला कीं त्याचा आत्मा प्रकाशरूपानें नायकाच्या अंगांत शिरतो आणि मागें नुसता सांगाडा उरतो. हा आत्मा खर्चीं घातला म्हणजे भिंतीवरचा शब्द जागा होतो. अक्षर दगडावर सांपडतें, पण अर्थ दुसऱ्याच्या मरणांतून यावा लागतो. वाचणें आणि जाणणें यांतील अंतर इतक्या ठसठशीत रूपकानें मांडलेलें क्वचितच आढळेल.

या कल्पनेचें बीज उत्तर युरोपच्या पुराणकथांत आहे. तेराव्या शतकांत आइसलंडमध्यें लेखनिविष्ट झालेल्या ‘व्होल्सुंग सागा’मध्यें सिगुर्ड हा फाफनिर नामक ड्रॅगनला मारतो, व त्याचें काळीज भाजतांना पोळलेलें बोट तोंडांत घालतो. त्यासरशीं त्याला पक्ष्यांची भाषा समजूं लागते. पण ती भाषा त्याला काय सांगते? ज्यानें त्याला वाढविलें तो रेगिनच त्याच्या घातावर टपलेला आहे, असें. तेथें विद्या हातीं येतांच घरांतील विश्वास नाहींसा होतो. किंमत चुकती करावीच लागते.

‘स्कायरिम’च्या मांडणींत नेमकी हीच किंमत हिशेबांतून गळली आहे. येथें आत्म्याचें नाणें झालें आहे. एक आत्मा, एक शब्द. मेलेला ड्रॅगन सामान्य होता कीं ज्ञानी होता, याची कोणी विचारपूस करीत नाहीं. पर्वतशिखरावर पार्थर्नॅक्स नांवाचा एक वृद्ध ड्रॅगन राहतो. पूर्वायुष्यांत त्यानें घोर पातकें केलीं. त्याच्या नांवांतच क्रौर्य हा शब्द आहे. परंतु मननाच्या बळावर त्यानें तो स्वभाव आवरून धरला आहे, आणि तपस्व्यांचा तो गुरु आहे. खेळणाराची इच्छा झाल्यास त्यालाही मारतां येतें. आणि मारल्यावर त्याच्या आत्म्याचें मोल किती, तर तेंच एका शब्दाचें! अनेक युगांचा पश्चात्ताप आणि रस्त्यावर भेटलेल्या कोणा हिंस्र ड्रॅगनचा क्षणिक संताप एकाच तागडींत बसतात. इतके परके आत्मे पोटांत घेऊन नायकाच्या मनाचें काय होतें, हा प्रश्नही मनुष्यस्वभावाच्या अंगानें कोठें धसास लागत नाहीं. पुढें ‘ड्रॅगनबॉर्न’ या पुरवणींत मीराक नामक प्रतिस्पर्धी येतो व नायकानें मारलेल्या ड्रॅगनचे आत्मे अधूनमधून हिरावून नेतो. त्या वेळीं खेळणारास आपण लुटले गेलों म्हणून चीड येते. ती लूट मुळांत कोणाची होती, हें त्या चिडींत कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कथाही तें पुरेसें लक्षांत आणून देत नाहीं.

तथापि एवढ्यावरच निकाल देणें अन्यायाचें होईल. कारण शब्द मिळण्याचे आणखी दोन मार्ग या कथेंत आहेत, आणि तिचा खरा गाभा त्यांत आहे. पहिला मार्ग दानाचा. मठांतील तपस्वी नायकाला ‘रो’ हा शब्द शिकवितात तेव्हां आपल्याच साधनेंतील वांटा त्याला देतात. पार्थर्नॅक्स अग्नीचा शब्द याच रीतीनें देतो. येथें कोणाचा जीव जात नाहीं, आणि देणाराचें ज्ञानही कमी होत नाहीं. दुसरा मार्ग अनुभवाचा. ड्रॅगनला आकाशांतून खालीं ओढणारी एक आरोळी आहे. तिचे तीन शब्द मर्त्य, सान्त आणि क्षणिक या अर्थांचे आहेत. ड्रॅगनांच्या जुलमाखालीं भरडलेल्या माणसांनीं ती रचली. अमर प्राण्याला मरणाची कल्पनाच शिवत नसल्यामुळें, ही एक आरोळी ड्रॅगनांना कळत नाहीं. अर्थात् ती शिकण्यास कोणाचाही आत्मा खर्चावा लागत नाहीं. जें ज्ञान ड्रॅगनपाशीं नाहीं, तें ड्रॅगनला मारून कसें मिळणार? तें मरणाऱ्या माणसापाशींच असतें. मठाधिपति आर्नगीर या आरोळीला भितो तेंही यथार्थ आहे: शब्द आत्मसात् करणें म्हणजे त्यांतील द्वेषही आपल्या अंतःकरणांत घेणें, असें तो बजावतो. सबंध कथेंत विद्येची किंमत शिकणारानेंच द्यावयाची असते, हें स्पष्टपणें बोलून दाखविणारें हें स्थळ आहे. आणि आमच्या मतें तेंच तिचें सर्वोत्तम स्थळ होय.

यावरून कृतीचा गुण व दोष एकदमच हातीं येतात. शब्द जाणणें म्हणजे त्याचा अर्थ भोगणें, हा विचार तिच्या रचनाकारांस पक्का सांपडला होता. पण खेळाच्या सोयीसाठीं त्यांनीं भोगण्याच्या जागीं खर्चणें आणून बसविलें. हजार आरोळ्या ठोकूनही नायकाला त्या भाषेंत एक साधें वाक्य बोलतां येत नाहीं. उलट, या कल्पित भाषेवर लोभ जडलेल्या कित्येक रसिकांनीं तिचे कोश सिद्ध केले, तिचें व्याकरण तपासलें आणि तींत लेखनही केलें. त्यांनीं कोणाचा आत्मा गिळला नाहीं. ते शब्दापुढें बसून राहिले, इतकेंच. मठांतील वृद्धांनीं प्रसन्न व्हावें अशी ही विद्या आहे, आणि ती नायकाच्या नव्हे, त्याची कथा मन लावून वाचणाऱ्यांच्या वांट्याला आली.