पोळातलं घर, एकास वीस

इंटिरियर डिझाइनच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन पाहायला गेलेल्यांची पावलं आधी रंगीत रेंडरकडे वळतात. संगणकावर रंगवलेला दिवाणखाना, त्यातला सोनेरी उजेड, काचेच्या टेबलावरचं फुलांचं भांडं. चित्रं देखणी असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण या विषयातला जाणकार कडेची भिंत शोधतो. तिथे मेजर्ड ड्रॉइंग्ज लावलेली असतात, म्हणजे एखाद्या उभ्या असलेल्या जागेची प्रत्यक्ष मापं घेऊन काढलेली चित्रं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांचं काम मांडतात. तिथे अशाच एका भिंतीवर पाहिलेली एक शीट मनात घर करून बसली आहे. काढणारी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. विषय, जुन्या शहरातल्या एका पोळातल्या (म्हणजे अरुंद गल्लीच्या दाट वस्तीतल्या) घराचा सेक्शन, म्हणजे उभा छेद. हे रसग्रहण त्या एका शीटचं आहे. विद्यार्थिदशेतली खरी कमाई कशी दिसते, हे तिच्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं पारितोषिकांच्या यादीत दिसत नाही.

कागद ए-झिरो, आडवा धरलेला. प्रमाण 1:20. घराची खोली सुमारे अठरा मीटर, म्हणजे कागदावर नव्वद सेंटीमीटर. पुढची रुंदी मात्र जेमतेम चार-पाच मीटर, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. अशा घराला उजेड मिळणार तो रस्त्याकडून, नाहीतर वरून. प्लॅनमध्ये हे घर म्हणजे एक लांबट पट्टा, त्यात फार काही कळत नाही. ते उलगडतं सेक्शनमध्येच. या मुलीने सगळा भर सेक्शनवर दिला, इथूनच तिची समज दिसायला लागते.

शीट डावीकडून वाचायची. आधी पोळातली गल्ली, मग ओटलो म्हणजे ओटा, त्यामागे खडकी ही प्रवेशाची खोली, मग उघडा चोक, त्याला लागून परसाळ म्हणजे ओसरी आणि शेवटी ओरडो, आतली खोली. आपल्या वाड्यातल्या ओसरी, चौक, माजघराची आठवण व्हावी अशीच ही मांडणी, फक्त अंगाने अरुंद. ओटल्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीची उंची सतरा सेंटीमीटर, दुसरीची एकवीस. नवशिक्याने दोन्ही एकोणीस करून टाकल्या असत्या, कारण कागदावर ते नीटनेटकं दिसतं. हिने फरक ठेवला. गल्लीची फरसबंदी मधल्या काळात उंचावली आणि खालची पायरी तिच्यात बुडाली, हे त्या चार सेंटीमीटरांवरून कळतं. शेजारी टीप नाही, बाण नाही. बघणाऱ्याने बघावं.

सेक्शनची रेषा घराला कुठून कापते, यावर चित्राचं अर्धं यश अवलंबून असतं. सरळ मधून कापली असती तर चोकाखालचं टांकं निसटलं असतं. पोळातल्या कित्येक घरांत छपरावरचं पावसाचं पाणी नळाने खाली आणून अशा जमिनीखालच्या टाक्यात साठवत, आणि ते पाणी वर्षभर पिण्याला पुरवत. त्याचं झाकण चोकाच्या एका कोपऱ्यात आहे, तर झोपाळा परसाळीच्या मध्यावर. विद्यार्थिनीने छेदरेषेला चोकात एक वळण दिलं आणि दोन्ही पकडले. परिणाम असा, की एकाच उभ्या पट्ट्यात सगळ्यात वर आकाश, मग छपराची पन्हळ, भिंतीवरून उतरणारा नळ, चोकाची फरशी आणि तिच्याखाली टाक्याची काळोखी पोकळी दिसते. पावसाच्या थेंबाचा अख्खा प्रवास तिथे आहे, आणि एकही थेंब काढलेला नाही. या शीटमधली मला सर्वांत आवडलेली जागा ही.

मग रेषांकडे यावं. कापलेल्या भिंती जाड पेनने, पलीकडे दिसणाऱ्या वस्तू मध्यम, आणि कोरीव टोडल्यांची (लाकडी ब्रॅकेटांची) नक्षी अगदी बारीक. हे व्याकरण सगळेच शिकतात. हिची खासियत पुढची आहे. पोळातल्या घरांचा सांगाडा लाकडी, मध्ये वीटकाम, आणि वीटकामात अधूनमधून आडवे लाकडी पट्टे घातलेले. भूकंपात भिंत सुटी होऊ नये म्हणून हे पट्टे तिला बांधून ठेवतात. 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक इमारती कोसळल्या तेव्हा या जुन्या पद्धतीचं मोल बऱ्याच जणांना नव्याने कळलं. या शीटवर असे पट्टे चोकालगतच्या भिंतीत फक्त एका ठिकाणी दाखवले आहेत. तिथला गिलावा पडलेला होता. उरलेल्या भिंतीत ते असणारच, हे तिला वर्गात शिकवलेलं असणार, पण डोळ्यांना दिसले नाहीत म्हणून तिने ती भिंत कोरी सोडली. इतक्या लहान वयात ही सचोटी हाताशी येणं सोपं नाही.

आणि तो फ्रिज! परसाळीत, कोरीव खांबाला लागून एक दोन दारांचा फ्रिज उभा आहे. त्याच्यावर झाकलेली बरणी, मागून वर जाणारी वायर, ती खांबाच्या नक्षीत ठोकलेल्या खिळ्याला अडकवलेली. भिंतीवर टीव्ही. कपाटाच्या डोक्यावर रचलेल्या गोधड्या. वारसा जपायच्या उत्साहात असल्या चित्रांतून राहती माणसं पुसली जातात आणि घराचं संग्रहालय होतं. 2017 मध्ये अहमदाबादच्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यापासून हा मोह वाढलेला आहे. इंटिरियरच्या विद्यार्थ्याला तो परवडणारा नाही. त्याचा विषयच मुळी माणसं आत कशी राहतात हा आहे. खिळा आणि नक्षी सारख्याच आस्थेने काढणाऱ्या या मुलीला तो विषय कळला आहे.

शीटमध्ये उणीवही आहे, ती सांगायला हवी. वरच्या मजल्याच्या कडीपाटातल्या कड्या एकमेकींपासून अगदी समान अंतरावर आहेत. जुन्या सुताराने हाताशी आलेल्या लाकडानुसार टाकलेल्या कड्या अशा शाळेच्या रांगेसारख्या उभ्या राहत नाहीत. खालच्या मजल्यावर तिने प्रत्येक कडी मोजल्याचं दिसतं, वर दोन-तीन मोजून बाकीच्या त्याच अंतराने भरल्या असाव्यात. दुसरं म्हणजे झोपाळा रिकामा आहे. त्याच्या पितळी कड्यांची जोडणी इतक्या मन लावून काढल्यावर तिथे एक बसलेलं माणूस हवं होतं. उंचीचा अंदाज यायलाही ते लागतंच.

मुख्य चित्राखाली जागेवर घेतलेल्या मापांचे कच्चे कागद पिनांनी टाचले होते. त्यांच्यात विद्यार्थिजीवनाचा सगळ्यात खरा भाग आहे. खोलीच्या चार भिंती मोजल्या तरी खोलीचा आकार हाती येत नाही, कारण जुन्या घरात काटकोन क्वचित सापडतो. म्हणून कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं मापही घ्यावं लागतं, म्हणजे खोलीचे दोन त्रिकोण होतात आणि आकार पक्का होतो. कच्च्या कागदांवर प्रत्येक खोलीत अशी तिरकी रेघ होती, काही मापं खोडून पुन्हा लिहिलेली. हे काम एकट्याचं नसतं. एक जण टेपचं शून्य धरून कोपऱ्यात बसतो, दुसरा आकडा वाचतो, तिसरा लिहितो. भिंत झुकली आहे का, हे ओळंबा सोडून पाहायचं. जमिनीचा उतार पाण्याच्या पारदर्शक नळीने काढायचा. घरच्या बाईंना स्वयंपाकघरात किती वेळ अडवून ठेवायचं, जेवणाच्या वेळी बाहेर कधी निघायचं, हेही त्याच दिवसांत शिकायचं. दुसऱ्याच्या घरात मान राखून वावरता येणं ही या व्यवसायाची पहिली पायरी, आणि ती स्टुडिओत बसून चढता येत नाही.

सबमिशनच्या आधीची जागरणं, फेव्हिकॉलने माखलेली बोटं, ज्युरीत थरथरणारा आवाज, यांच्या गोष्टी प्रत्येक डिझाइन कॉलेजात कौतुकाने सांगतात. जागरणांचं मला फारसं कौतुक नाही, थकलेल्या डोळ्यांना कड्या समान अंतरावरच दिसतात. सेप्टचं वातावरण मात्र कौतुकाचंच आहे. वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी 1962 मध्ये सुरू केलेल्या वास्तुकलेच्या शाळेतून हे विद्यापीठ वाढलं, आणि इंटिरियर डिझाइनचा स्वतंत्र विभाग 1991 मध्ये आला. विटांच्या जाड भिंती, उघडं काँक्रीट, उत्तरेचा स्थिर उजेड घेणारे उंच स्टुडिओ, आणि इमारतीखालून आरपार जाणाऱ्या मोकळ्या जागा. कुणीही कुणाच्या टेबलापाशी थांबावं, मॉडेल उचलून पाहावं, शंका विचारावी. शिकणं वर्गाच्या बाहेर सांडावं अशी त्या बांधणीचीच इच्छा आहे. दोशी जन्माने पुण्याचे, 1927 चे, आणि त्यांच्या घरचा व्यवसाय फर्निचरचा. पुढे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, मग पॅरिसला ल कॉर्ब्युझिएंच्या हाताखाली काम, आणि 2018 मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. सुतारकामाच्या भुशात बालपण गेलेल्या माणसाने उभारलेल्या आवारात फर्निचर आणि अंतर्गत रचनेचा विभाग नांदतो, याचं मला समाधान वाटतं.

मापं घेण्याची ही शिस्त तिथे वर्गापुरती राहिलेली नाही. विद्यार्थ्यांचे गट दूरदूरच्या गावांत राहून तिथली घरं, मंदिरं, बाजार मोजून आणतात. त्या अभ्यासदौऱ्यांच्या ड्रॉइंग्जचा मोठा साठा विद्यापीठाकडे आहे. विद्यापीठाच्याच डीआयसीआरसी या केंद्राने गुजरातच्या लोकपरंपरेतल्या फर्निचरचा अभ्यास केला, तो ‘सहज’ या नावाने ग्रंथरूपात आला. पटारे, पाळणे, घडवंच्या अशा रोजच्या वस्तूंकडे इतक्या गांभीर्याने पाहणारं पुस्तक हाती येतं, तेव्हा त्यामागे टेप धरून कोपऱ्यात बसण्याची सवय असते.

त्याच मुलीचं पुढचं काम शेजारी मांडलं होतं, शिंप्याच्या एका लहानशा दुकानाचं मॉडेल. सनबोर्ड आणि बाल्साच्या काड्या, रंग कुठेही नाही. दुकानाच्या तोंडाशी तिने बसायला एक रुंद कट्टा दिला आहे, गिऱ्हाईक माप देईपर्यंत टेकेल आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा शिंपी बाहेर बसून काजं करेल असा. कट्ट्याची उंची त्रेचाळीस सेंटीमीटर. मी सेक्शनवर परत जाऊन पाहिलं, पोळातला ओटलो गल्लीपासून अडतीस होता. तिने तो जसाच्या तसा उचलला नाही. शिंप्याला उठबस सोपी व्हावी म्हणून पाच सेंटीमीटर वाढवले. जुन्या घराची नुसती नक्कल करणारी रचना आणि त्यातून शिकलेली रचना यांतला फरक त्या पाच सेंटीमीटरांत आहे. ज्युरीने किती गुण दिले ते मी विचारलं नाही. माझ्या लेखी ही दोन कामं मिळून एक पक्की पदवी आहे.

पुणे, नाशिक, वाई, कोल्हापूर इथली इंटिरियर आणि आर्किटेक्चरची मुलंमुलीही दरवर्षी वाडे मोजतात. वाडा पुढे विकसकाकडे जातो, आणि मुलांच्या शीट्स निकाल लागला की गुंडाळून माळ्यावर, तिथून रद्दीत. तसं होऊ देऊ नये. कॉलेजांनी प्रत्येक मेजर्ड ड्रॉइंगची एक प्रत ग्रंथालयात नोंद करून ठेवावी, एक प्रत घरमालकाला नेऊन द्यावी, आणि काढणाऱ्याचं नाव व तारीख खाली ठळक लिहावी. विद्यार्थ्यांनो, वरच्या मजल्यावरच्या कड्याही एकेक करून मोजा, आणि झोपाळ्यावर घरातलं कुणीतरी बसवा.