नवा गळा, जुनी मंडळी

आज विषय जरा चमत्कारिक निवडलाय आणि त्याला कारण माझा नातू. तो सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. त्यांचा चार पोरांचा रॉक बँड आहे. मुख्य गाणारा मुलगा नोकरी लागून बंगळूरला गेला, त्याच्या जागी एक मुलगी आली. आता अल्बम करायचाय. नातू मला विचारतो, "आजोबा, तुम्ही फिलॉसॉफीवाले ना? मग सांगा, गाणारा बदलला तर बँड तोच राहतो का?"

मी आपलं मिलिंदप्रश्नातल्या रथाचं उदाहरण दिलं. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, वगैरे. तो म्हणाला, हे परीक्षेला ठीक आहे. आणि त्यानं मला ए.सी./डी.सी. या ऑस्ट्रेलियन बँडचा 'बॅक इन ब्लॅक' ऐकवला. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला आणि जुलैमध्ये ब्रायन जॉन्सन या नव्या गायकाला घेऊन हा अल्बम बाहेर आला. पाच महिने! सुरुवातीला घंटेचे टोल पडतात, मग गिटार. मला त्यातलं फार कळलं असं नाही, पण त्या पाच महिन्यांनी मला किर्लोस्कर मंडळी आठवली. आपल्याकडे याच कामाला दहा वर्षं लागली होती.

भाऊराव कोल्हटकर गेले १९०१ साली. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्येच गेले होते, तेव्हा मंडळीचा प्राण म्हणजे भाऊरावांचा गळा. 'शाकुंतल', 'सौभद्र' या नाटकांतल्या नायिका म्हणजे भाऊराव. उंच, पल्लेदार आवाज अशी त्यांची ख्याती. आपण ख्यातीच सांगू शकतो, कारण भारतात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ ला. एका वर्षानं हुकलं! पण त्याचा परिणाम लक्षात घ्या. ज्या गायकाची तबकडी नाही तो आठवणीत वाढतच जातो. नव्या माणसाला अशा आवाजाशी सामना करायचा होता.

तो नवा माणूस १९०५ साली मिरजेत 'शाकुंतल'मध्ये उभा राहिला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. मूळ गाव नागठाणे. साताऱ्याच्या मंडळींनी लगेच खूश होऊ नये, हे तुमचं हायवेवरचं नागठाणं नव्हे, आमचं पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. तालीम कोणाची? हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची. म्हणजे मुलगा नवा, पण गाणी जुनी, शिकवणारा जुना आणि पाहणाऱ्यांचे कानही जुनेच. मुलगा लोकांना आवडला हे खरंच. पण जुन्या पदांत नवा गायक कितीही गोड गायला, तरी तो पाहुणा असतो. श्रोता त्याच्या गाण्यामागून दुसऱ्याचंच गाणं ऐकत असतो. मधल्या वर्षांत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची नवी नाटकंही मंडळी करत होती, तरी माझ्या मते हा मुक्काम संपला नव्हता.

संपला तो १२ मार्च १९११ ला, मुंबईत, 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाला. त्या दिवशी बालगंधर्वांच्या घरी काय घडलं होतं ते तुम्हाला पाठ आहे, मी ते पुन्हा सांगत नाही. त्या कथेमुळे त्या रात्रीच्या संगीताकडे आपलं दुर्लक्ष होतं. नाटककार सांगलीचे खाडिलकर, 'कीचकवध'सारखं गद्य नाटक लिहिलेला माणूस, पहिल्यांदाच संगीत नाटक लिहीत होता. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे पेटीवाले, बैठकीतलं गाणं मुरलेलं. त्यांनी जुन्या साकी-दिंडीच्या वळणापेक्षा हिंदुस्थानी बंदिशी, ठुमरीचा बाज पुढे आणला. भामिनीची पदं एका विशिष्ट गळ्याच्या मापानं शिवलेली आहेत. हलकी हरकत, लयीशी खेळणं, शब्द न मोडता स्वर लांबवणं. इथे भाऊराव आठवायचं कारणच उरत नाही.

आता एक कबुली देतो. मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात सांगत आलो की 'मानापमान'नं नाटक मारलं, गाणं जिंकलं, आणि याला बालगंधर्वांचा लाडावलेला गळा जबाबदार. आज मी अर्धं विधान मागे घेतो. नाटक थांबतं, हे खरं आहे. भामिनी गात राहते आणि कथा विंगेत ताटकळते. पण मापानं शिवलेलं गाणं दुसऱ्याला होत नाही, हे माझं गृहीत चुकलं.

पुढे काय झालं पाहा. १९१३ ला बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. किर्लोस्करांकडे नाव राहिलं, गळा गेला. मग तिथे दीनानाथ मंगेशकर आले. १९१८ ला तेही बाहेर पडले आणि 'बलवंत संगीत मंडळी' काढली, तीच मंडळी पुढे आमच्या सांगलीत मुक्कामाला आली. याच दीनानाथांनी 'मानापमान'मधला धैर्यधर घेतला आणि काही पदांच्या चालीच बदलल्या. टेंब्यांची सफाई बाजूला ठेवून आक्रमक, झपाट्याची, तानेवर झडप घालणारी गायकी आणली. दीनानाथांच्या तबकड्या मिळतात, ऐका. आज अनेकांच्या कानात धैर्यधर म्हणजे दीनानाथच आहेत. १९११ चा मूळ धैर्यधर नानासाहेब जोगळेकर होते, हे सांगावं लागतं!

म्हणजे जुनं गाणं नव्या गळ्याला पाहुणाच ठेवतं, असंही नाही. ते मोडायची तयारी हवी. बालगंधर्वांसाठी नवं गाणं केलं गेलं, दीनानाथांनी जुनं मोडलं. तिसरा मार्ग नकलेचा, आणि त्या मार्गानं गेलेल्यांची नावं तुम्हाला आठवतात का? मलाही नाही आठवत.

पण किर्लोस्करांचं दुःख वेगळं होतं. गळ्याच्या मापानं गाणी शिवली की मंडळी हळूहळू त्या गळ्याची होते. 'मानापमान'नंतर दोनच वर्षांत तो गळा निघून गेला. पुढे गंधर्व मंडळी 'सौभद्र' करायची, तेव्हा किर्लोस्करांचं संगीत नेमकं कुठल्या तंबूत होतं? माझ्या नातवाचा प्रश्न इथे खरा बोचतो.

नातवाला मी एवढंच म्हटलं, त्या मुलीच्या पट्टीत तीन गाणी नवी बांधा, जुन्यांतलं एक मोडा. तो म्हणाला, "आजोबा, जुनं मोडलं तर कॉलेजची पोरं ओरडतील. आणि उद्या तीही बंगळूरला गेली तर?" यावर मला काही सुचलं नाही. परवा फोन आला, पहिलं गाणं तिनं स्वतःच लिहिलंय म्हणे, बाकीच्यांना ते आवडलेलं नाही. रविवारी ऐकायला बोलावलंय.

तिकडून घड्याळ दाखवतायत. प्रश्न असतील तर घेऊ.