अपूर्णांकांची बेरीज : चित्र आणि त्याचे वाचन

प्राथमिक शाळेत अपूर्णांकांची बेरीज शिकविताना चित्राचा आधार घ्यावा, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. वर्तुळे, आयत, कागदाच्या पट्ट्या आणि संख्यारेषा ही साधने अध्यापनात स्थिरावली आहेत. त्यांच्या उपयुक्ततेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि विद्यार्थी त्या चित्रात नेमके काय वाचतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चित्र ज्या शब्दांत वाचले जाते, ते शब्दच त्याचा अर्थ ठरवितात. आणि या दृष्टीने पाहता प्रचलित पद्धतीतील मुख्य उणीव गणितापेक्षा भाषेतच अधिक आढळते.

१/२ + १/३ हे उदाहरण घ्यावे. फळ्यावर दोन वर्तुळे काढली जातात. पहिल्याचे दोन समान भाग करून त्यांतील एक रंगविला जातो, दुसऱ्याचे तीन करून एक. 'दोन भागांपैकी एक' व 'तीन भागांपैकी एक' असे त्यांचे वाचन होते. बेरीज विचारताच विद्यार्थी रंगविलेले भाग मोजतो, ते दोन भरतात. एकंदर भाग मोजतो, ते पाच भरतात. आणि २/५ असे उत्तर देतो. त्यावर फुली पडते. वस्तुतः विद्यार्थ्याने चित्र प्रामाणिकपणे वाचलेले असते. फळ्यावर पाच भाग आहेत आणि त्यांपैकी दोन रंगविलेले आहेत, हे कोणाला नाकारता येईल? बेरीज २/५ आली तर ती मूळच्या अर्ध्याहूनही लहान होते, ही विसंगती त्याला जाणवत नाही. कारण अर्धा ही एक राशी म्हणून त्याच्यापुढे आलेलीच नसते. डोळ्यांना दिसले ते खोटे ठरले, एवढाच बोध त्याला होतो, आणि पुढे तो चित्र सोडून नियम पाठ करू लागतो.

या घोटाळ्याचे मूळ 'पैकी' या अव्ययात आहे. 'पैकी' हे समूह आणि त्यातील घटक यांचा संबंध दाखविते. राशीचे मान सांगत नाही. विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात एका चाचणीचे गुण १५/२०, दुसरीचे १८/२५ आणि एकूण ३३/४५ असे लिहिलेले असतात. तेथे वरच्या संख्यांत वरची व खालच्या संख्यांत खालची संख्या मिळविणेच योग्य असते, कारण गुणांबरोबर एकूण गुणही वाढतात. लेखन तेच, वाचन तेच, आणि तरीही गणिताच्या तासाला तीच क्रिया चूक ठरते! हा भेद शब्दांत उलगडून सांगितल्याशिवाय विद्यार्थ्याला कळावा, ही अपेक्षा अवाजवी आहे.

'एक छेद तीन' हे दुसरे वाचन लेखनाच्या सोयीचे आहे, परंतु अर्थाच्या दृष्टीने मुके आहे. त्यात दोन सुट्या संख्या कानी पडतात. तिसरे वाचन 'एक तृतीयांश' हे. येथे 'तृतीयांश' हे परिमाणाचे नाव आहे आणि 'एक' ही त्याची गणना. 'दोन सप्तमांश आणि तीन सप्तमांश' म्हटल्यावर 'पाच सप्तमांश' हे उत्तर दोन आंबे आणि तीन आंबे यांच्या बेरजेइतके सहज येते. उलट 'एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश' म्हटले, की दोन निराळ्या जातींच्या वस्तू समोर आहेत हे कानालाच कळते. या वाचनात एक अडचण मात्र आहे. परिभाषेत 'अंश' म्हणजे वरची संख्या. 'तृतीयांश' या शब्दात मात्र अंशाचे मान खालच्या संख्येने ठरते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ वर्गात क्वचितच वेगळे केले जातात.

'पैकी'च्या बाजूने एक पुरावा दिला जाण्याचा संभव आहे. कोरियन भाषेत १/३ चे वाचन 'तीन भागांतील एक' अशा अर्थाचे होते. कोरियन मुले अपूर्णांक व चित्र यांची जोडी अमेरिकन व क्रोएशियन मुलांपेक्षा लवकर जुळवितात, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात आढळले. पेक आणि मिक्स यांनी २००३ मध्ये दाखविले, की इंग्रजीतही तसे उलगडून वाचन केल्यास अमेरिकन मुले मागे राहत नाहीत. शब्दांचा परिणाम किती खोल असतो, हे यावरून सिद्ध होते. परंतु या अभ्यासांत तपासले गेले ते चित्र ओळखणे, बेरीज नव्हे. ओळखण्यास जे वाचन साहाय्य करते, तेच मिळविताना आड येऊ शकते. मराठी संख्यावाचनाचा प्रश्न २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील 'वीस एक' या वाचनामुळे चव्हाट्यावर आला होता. त्या गदारोळात अपूर्णांकांच्या वाचनाचाही विचार झाला असता तर बरे होते.

मराठीच्या जुन्या व्यवहारात अपूर्णांक राशी म्हणूनच नांदत होते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या शब्दांत छेद उच्चारावाच लागत नाही. 'पाऊण' म्हणजे पादोन, पावाने उणे. 'सव्वा' म्हणजे सपाद. अर्धी भाकरी आणि चतकोर मिळून पाऊण भाकरी, ही बेरीज लहान मूल नियमावाचून करते. मात्र हा शब्दसंग्रह निम्मे करण्याच्या क्रियेतून आलेला आहे. तृतीयांशासाठी त्यात जागा नाही. ती उणीव नाणेपद्धती भरून काढीत असे. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. अर्धा रुपया म्हणजे ८ आणे, तृतीयांश रुपया म्हणजे ५ आणे ४ पै. बेरीज १३ आणे ४ पै, म्हणजेच रुपयाचे पाच षष्ठांश. समच्छेद करण्याचे काम नाण्यांनी आधीच करून ठेवले होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली आणि कालांतराने हा आधार नाहीसा झाला. १०० पैशांचे तीन समान भाग होत नाहीत.

आज ते काम चित्राकडे आले आहे, आणि ते वर्तुळापेक्षा आयत अधिक चांगले करतो. सारख्या आकाराचे दोन आयत घ्यावे. एकाचे उभ्या रेषेने दोन भाग करावे, दुसऱ्याचे आडव्या रेषांनी तीन. मग पहिल्यावर दुसऱ्याच्या आडव्या रेषा व दुसऱ्यावर पहिल्याची उभी रेषा ओढावी. दोहोंत सहा-सहा घरे होतात. एकात तीन रंगविलेली, दुसऱ्यात दोन. ती दोन घरे पहिल्या आयतात नेली, की पाच षष्ठांश डोळ्यांपुढे उभे राहतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (इ.स. ११५०) समच्छेदाचा विधी हाच : प्रत्येक अपूर्णांकाच्या अंशाला व छेदाला दुसऱ्याच्या छेदाने गुणावे. छेद म्हणजे कापणे, समच्छेद म्हणजे सारखे कापणे. पारिभाषिक शब्दातच सबंध कृती दडलेली असताना तो केवळ पाठांतराचा विषय व्हावा, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

दोन आयत सारखेच का असावेत, हेही बोलून दाखविणे आवश्यक आहे. चौथाई म्हणजे १/४ व सरदेशमुखी म्हणजे १/१०. दोन्ही एकाच महसुलावर आकारल्या तरच त्यांची बेरीज ७/२० होईल. 'कशाचा' हा षष्ठीचा प्रश्न चित्राबाहेर राहिला, तर बेरजेला अर्थच उरत नाही.

आयतालाही मर्यादा आहेत. १/४ + १/६ साठी तो २४ घरे पाडतो; बारांनी काम भागते, हे त्यात आपोआप दिसत नाही. तेथे पट्ट्या सरस ठरतात. मोठ्या छेदांसाठी तर पट्टी किंवा संख्यारेषाच हवी. अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीत १९७८ साली १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ ही बेरीज अंदाजाने विचारली होती. उत्तरासाठी १, २, १९ व २१ हे पर्याय होते. 'दोन' हे योग्य उत्तर शेकडा २४ मुलांनीच निवडले. अर्ध्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे नुसते अंश किंवा नुसते छेद मिळविले. दोन पट्ट्या जवळजवळ पूर्ण रंगविलेल्या दिसल्या असत्या, तर एकोणीस म्हणण्याचे धाडस फारसे कोणी केले नसते. 'त्रयोदशांश' हा शब्द दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी बसणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु 'तेरावा भाग' हा शब्दप्रयोग मराठीत आहेच, आणि 'बारा तेरावे भाग' म्हणताना पूर्ण पट्टीला केवळ एक तेरावा भाग कमी आहे, हे बोलता बोलताच लक्षात येते.