छायाचित्राची साक्ष : फर्ग्युसनच्या एका मताचें परीक्षण

जेम्स फर्ग्युसन ह्याचा हिंदुस्थानच्या व पूर्वेकडील देशांच्या वास्तुशिल्पाचा इतिहास इ. स. १८७६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेंत असें मत मांडिलें आहे कीं, दूरदूरच्या इमारतींतील साम्य व भेद ठरविण्याच्या कामीं छायाचित्रें प्रत्यक्ष पाहणीच्या जवळजवळ तोडीचीं होत. ग्रंथकाराच्या संग्रहीं तीन हजारांवर छायाचित्रें होतीं. शिवाय १८६४ मध्यें मेजर गिल ह्यानें घेतलेलीं ७४ छायाचित्रें देऊन त्यानें येथील लेण्यांवर स्वतंत्र ग्रंथही काढिला होता. अशा अनुभवी पुरुषाचें मत सहज झुगारून देतां येणार नाहीं. तथापि त्यास एक मर्यादा घातल्यावांचून तें स्वीकारूं नये असें आम्हांस वाटतें, आणि तसें वाटण्यास आमचीच एक चूक कारण झाली आहे.

ज्या वर्गांत आम्हीं पुष्कळ वर्षें संस्कृत शिकविलें, त्याच्या भिंतीवर वेरूळच्या कैलासाचें एक छायाचित्र असे. त्यांत अंगणांतील ध्वजस्तंभ विमानाच्या शिखराहून बराच उंच दिसे. त्यावरून आम्ही मुलांस सांगत आलों कीं, शिल्प्यांनीं ध्वजस्तंभास देवालयाहून अधिक उंची दिली आहे. इतकेंच नव्हे, तर ह्यास शास्त्राधार शोधण्याचा खटाटोपही आम्हीं केला. पुढें वेरूळास जाण्याचा योग आला, तेव्हां डोळे उघडले. स्तंभ सुमारें ४५ फूट व विमान सुमारें ९६ फूट. म्हणजे स्तंभ विमानाच्या निम्माही नाहीं!

हें कसें घडलें, तें साध्या त्रैराशिकानें कळतें. समजा, यंत्र स्तंभापासून ४० फुटांवर व विमानापासून १६० फुटांवर ठेविलें. निम्म्या उंचीची वस्तु चौपट जवळ आल्यामुळें ती चित्रांत जवळजवळ दुप्पट उंच दिसणार. यंत्र तेथून ३६० फूट मागें नेतां आलें, तर तोच स्तंभ विमानाच्या दोनतृतीयांशाहूनही कमी दिसेल. पुष्कळांचा समज आहे कीं हा फरक भिंगामुळें पडतो. तो बरोबर नाहीं. यंत्र एकाच जागीं ठेवून भिंग बदललें, तर चित्रांत कमीअधिक प्रदेश येईल. परंतु जवळच्या व दूरच्या वस्तूंचें परस्पर प्रमाण बदलणार नाहीं. तें केवळ दृष्टिस्थानावर अवलंबून आहे.

आतां कैलासाचें अंगण २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद. आंत मागें सरकण्यास वाव नाहीं, आणि बाहेर जावें तर गोपुर आड येतें. म्हणून कोणी डोंगराच्या माथ्यावर चढतात. तेथून मंडपाच्या छतावरील कमळ व सिंह उत्तम दिसतात, पण विमानाची उंची दबते. ईश्वरकृष्णानें सांख्यकारिकेंत प्रत्यक्षास बाध आणणारीं कारणें गणतांना अतिदूरत्व, अतिसामीप्य आणि व्यवधान हीं तिन्ही सांगितलीं आहेत. कैलासाचें छायाचित्र घेणारास ह्या तिहींशीं गांठ आहे.

पोथ्यांच्या संग्राहकांनीं हा विषय आपला नव्हे असें समजूं नये. हल्लीं मोबाइलनें पोथीचें पान क्षणांत टिपतां येतें. परंतु यंत्र पानाशीं समांतर न धरतां तिरपें धरलें, तर यंत्राजवळच्या ओळी मोठ्या व दूरच्या लहान येतात, आणि समांतर समास एकमेकांकडे झुकतात. अशा चित्रावरून अक्षराचें वळण पाहून ‘येथें हात बदलला, हा भाग मागाहून घातलेला’ असा निर्णय कोणी दिला, तर अस्सल कागद बनावट ठरावयास वेळ लागणार नाहीं.

ह्यावरून छायाचित्रें टाकाऊ आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. जर्मनींत मायडेनबाउअर हा १८५८ मध्यें वेट्‌झलार येथील मोठ्या चर्चचीं मापें घेतांना उंचावरून पडतां पडतां वांचला, आणि त्यास छायाचित्रांवरूनच मापें काढण्याची कल्पना सुचली. पुढें १८८५ मध्यें ह्याच कामाकरितां बर्लिन येथें सरकारी संस्था निघाली. ह्या रीतीचा आधार यथार्थदर्शनाचे नियम हाच आहे. जो नियम आम्हांस फसवितो, तोच यंत्राचें स्थान ठाऊक असल्यास बिनचूक माप देतो.

तेव्हां फर्ग्युसनचें मत नक्षी, मूर्तींचीं लक्षणें, खांबांची घडण ह्यांच्या तुलनेपुरतें आम्हांस मान्य आहे. उंची, अंतर व प्रमाण ह्यांविषयीं मान्य नाहीं. पाणिनीनें साक्षी शब्दाची सिद्धि स्वतः पाहणारा ह्या अर्थी दिली आहे. पण पाहणारास ‘तूं कोठें उभा होतास?’ हें विचारल्यावांचून त्याची जबानी पुरी होत नाहीं. म्हणून आमची विनंती इतकीच कीं, संशोधकांनीं प्रत्येक छायाचित्राखालीं यंत्राचें स्थान, अंतर, जमिनीपासूनची उंची व रोख नमूद करावा, आणि पोथीच्या पानालगत त्याच पातळींत मोजपट्टी ठेवावी. भिंतीवरच्या त्या चित्राखालीं अशी एक ओळ असती, तर आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस चुकीचा कैलास शिकावा लागला नसता.