राजाचा मुखडा आणि दुबईचा शिक्का

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारा माणूस काय जमवतो यापेक्षा काय टाकून देतो हे पाहिले, म्हणजे त्याच्या छंदाची खरी पारख होते. ब्रिटिश राजाराण्यांची जुनी कोरीव चित्रे जमवणे हा असाच एक छंद. इंग्लंडात तो अडीचशे वर्षे चालत आला आहे. इकडे अमिरातीत, जिथे माझी नर्सच्या नोकरीची बरीच वर्षे गेली आणि जिथे निवृत्तीनंतरही मी राहते, तो लहान आकारात पाहावयास मिळतो. चौकटीत बसवलेल्या मोठ्या चित्रांऐवजी पोस्टाच्या तिकिटांवरचे आणि जुन्या रुपयांवरचे राजेसाहेबांचे मुखडे इथे जमवले जातात. असे काही संग्रह मला पाहावयास मिळाले. त्यांत कष्ट, पैसा आणि टापटीप यांची कमतरता नव्हती. तरीही या संग्रहांत एक मोठी उणीव राहते असे मला वाटते. तिचा संबंध आपल्या घरोघरच्या पेट्यांशीही असल्याने हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम कोरीव चित्र म्हणजे काय ते पाहू. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर अणकुचीदार पोलादी कोरणीने चित्र उलटे खोदतात. खोदलेल्या रेघांत शाई भरून वरची शाई पुसून घेतात आणि ओलसर कागद त्यावर जोराने दाबतात. रेघांतली शाई कागदावर येते ती किंचित उठून येते. बोट फिरवले तर जाणवते. एकोणिसाव्या शतकात तांब्याऐवजी पोलादाचे पत्रे वापरात आले आणि एकाच पत्र्यावरून कितीतरी अधिक प्रती निघू लागल्या. फोटोग्राफी येण्यापूर्वी आपला राजा दिसतो कसा, हे सामान्य माणसाला नाण्यावरून नाही तर अशा छापील चित्रावरूनच कळत असे.

या छंदाला खरी भर आली ती १७६९ सालापासून. त्या वर्षी जेम्स ग्रँगर नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने इंग्लंडच्या नामांकित व्यक्तींचा चरित्रकोश काढला. कोणाकोणाची कोरीव चित्रे मिळतात याची त्यात नोंद होती. मग हौशी लोक इतर पुस्तकांतली चित्रे कात्रीने कापून आपल्या प्रतीत चिकटवू लागले. एका पुस्तकाची शोभा वाढावी म्हणून दुसरी कित्येक पुस्तके फाटली. इंग्रजीत या उद्योगाला ग्रँगरचेच नाव पडले. ही कात्री वाचकांनी लक्षात ठेवावी. आपल्याला पुढे तिच्याकडेच यावयाचे आहे.

राजघराण्याचे अगदी लहान आणि खूप पसरलेले कोरीव चित्र म्हणजे ६ मे १८४० रोजी चालू झालेले काळे एक पेनीचे तिकीट. विल्यम वायन यांनी १८३७ साली लंडन शहरासाठी केलेल्या पदकावर व्हिक्टोरिया राणीचा तरुण चेहरा होता. त्यावरून चार्ल्स हीथ आणि त्यांचा मुलगा फ्रेडरिक यांनी तिकिटाचा ठसा खोदला. तिकिटासाठी चेहराच का निवडला याचे कारण मोठे शहाणपणाचे आहे. नक्षीत थोडा फरक पडला तर तो लक्षात येत नाही, पण ओळखीच्या चेहऱ्यात किंचित बदल झाला तरी माणसाच्या डोळ्याला खटकतो. त्यामुळे बनावट तिकीट चटकन उघडे पडते. आम्हा नर्सबायकांना हे वेगळे सांगावयास नको. रोग्याच्या चेहऱ्यावरचा बारीक फरक पाहून डॉक्टरांना बोलावणे ही तर आमची रोजची भाकरी होती.

पण चित्र म्हणून या मुखड्यांची परीक्षा केली तर काय दिसते? राणी १९०१ साली ८१ वर्षांची होऊन वारली. तिने पती गमावला, मुले गमावली, शरीराने ती थकली. ब्रिटिश तिकिटांवर मात्र ती अखेरपर्यंत तरुणच राहिली. म्हणजे हे त्या बाईचे चित्र नव्हे, ती सरकारी मोहोर आहे. खोदणाऱ्याचा हात अप्रतिम आहे, एकेका बटेसाठी त्याने जीव ओतला आहे, हे मान्य. परंतु या मुखड्यावरून राणीविषयी काही कळेल अशी अपेक्षा करू नये. त्यातून काही कळत असेल तर ते मुखडा जिथे जिथे फिरला त्या जागांविषयी आणि ज्यांच्या हातून फिरला त्या माणसांविषयी.

इथे आखाताची गोष्ट येते. या किनाऱ्यावरचे टपाल हिंदुस्थान सरकार चालवीत असे. मस्कतला हिंदुस्थानी पोस्ट १८६४ साली उघडले, दुबईला १९ ऑगस्ट १९०९ रोजी. त्या वेळी गादीवर सातवा एडवर्ड होता. मग पाचवा जॉर्ज आला, नंतर सहावा. दुबईच्या पोस्टात विकली जाणारी तिकिटे हिंदुस्थानचीच होती. १९२६ पासून ती नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापली जाऊ लागली. म्हणजे लंडनच्या राजाचा मुखडा आपल्या नाशकात कागदावर उतरे आणि दुबईच्या खाडीकाठी पत्राला चिकटे. कुवेतसाठी १९२३ पासून आणि बहरीनसाठी १९३३ पासून त्याच तिकिटांवर त्या त्या गावाचे नाव वरून छापले जाऊ लागले. दुबईच्या वाट्याला तेही आले नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. पाचव्या जॉर्जचे कोरे तिकीट हाती आले तर ते पुण्याचे की पेशावरचे की दुबईचे, हे जगातला कोणीही जाणकार सांगू शकणार नाही. दुबईचा गोल शिक्का त्यावर पडला की मगच ते दुबईचे. या गावाचा त्या काळचा टपालाचा इतिहास राजाच्या चेहऱ्यात मुळीच नाही. तो चेहऱ्यावर पडलेल्या शाईच्या डागात आहे.

यानंतरचा भाग तर अधिक मनोरंजक आहे. १९४७ साली फाळणी झाली आणि काही महिने दुबईचे टपाल पाकिस्तानकडे गेले. सहाव्या जॉर्जच्या त्याच हिंदुस्थानी तिकिटांवर ‘पाकिस्तान’ अशी अक्षरे छापून ती इथे वापरली. १ एप्रिल १९४८ पासून ब्रिटिश पोस्टाने कारभार घेतला. आता तिकिटे इंग्लंडची आली, पण बाजारात चलन रुपयाचेच होते. म्हणून पेनीच्या तिकिटांवर आण्यांचे आकडे छापले. पुढे १९५७ साली भारताने दशमान नाणी काढली, तेव्हा तरुण एलिझाबेथ राणीच्या तिकिटांवर ‘एन.पी.’ ही अक्षरे आली. एन.पी. म्हणजे नये पैसे! दिल्लीच्या स्वतंत्र सरकारने काढलेले नाणे विलायतेच्या राणीच्या चेहऱ्याशेजारी, अरबांच्या गावात. एका इंच कागदावर तीन सरकारे. ७ जानेवारी १९६१ रोजी खजुरीची झाडे आणि शिडाचे गलबत यांची चित्रे असलेली तिकिटे निघाली आणि १४ जून १९६३ रोजी दुबईतले ब्रिटिश पोस्ट बंद झाले.

एवढा इतिहास ज्या तिकिटांत आहे त्यांची संग्राहक मांडणी कशी करतात? एका पानावर एडवर्ड, पुढच्या पानावर जॉर्ज, मग दुसरा जॉर्ज, मग एलिझाबेथ. सगळी शक्यतो कोरी, मागचा गोंद शाबूत असलेली. जुन्या छापील सूचींतही आण्यांची ही तिकिटे बहुधा मस्कतच्या सदराखाली घातलेली असत. दुबईचा उल्लेख शोधून काढावा लागे. राजांची वंशावळ मात्र अचूक. असा संग्रह पाहून राजघराण्यात कोणामागून कोण आले ते कळते. ते तर कोणत्याही शाळेच्या पुस्तकात मिळते. दुबई कशी चालत होती, पत्र कोण लिहीत होते, ते कुठे जात होते, यातले काहीच कळत नाही.

कोऱ्या तिकिटांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते न बोलणे अन्यायाचे होईल. ज्याला खोदकाम पाहावयाचे आहे त्याला शिक्क्याचा काळा पट्टा नाकाडोळ्यांवर आलेला चालणार नाही. पेनीच्या काळ्या तिकिटावरचे हीथ यांचे काम स्वच्छ प्रतीतच पाहावे. पण दुबईत वापरलेल्या लहान किमतीच्या तिकिटांना हे लागू पडत नाही. नाशिकची साधी तिकिटे उठावाच्या ठशांवरून छापलेली होती आणि एलिझाबेथ राणीची डोरोथी वाइल्डिंग यांनी घेतलेल्या फोटोवरून. त्यांत कोरणीची बारीक कला फारशी नाही. तेव्हा कलेसाठी कोरे तिकीट हवे, हे कारण इथे टिकत नाही.

उलट कोणी म्हणेल, मग फक्त शिक्के जमवावेत. तेही पुरेसे नाही, आणि याचा धडा याच किनाऱ्याने दिला आहे. १९६४ पासून १९७२ पर्यंत अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन अशा लहान संस्थानांच्या नावाने तिकिटांचा पूर आला. परदेशी व्यापाऱ्यांशी करार करून ती छापली जात. राजे, अध्यक्ष, खेळाडू, अंतराळवीर, जे खपेल ते त्यांवर होते. त्यांतील कितीतरी तिकिटांवर कारखान्यातच शिक्के मारलेले असत. ती कधी पत्राला लागली नाहीत, कुठे गेली नाहीत. संग्राहक थट्टेने त्यांना वाळूच्या टेकड्या म्हणतात. तेव्हा सुटा शिक्काही खोटे बोलू शकतो. भरवसा ठेवता येतो तो पूर्ण पाकिटावर. पत्ता, तिकीट, निघाल्याचा शिक्का, मागे पोहोचल्याचा शिक्का, ही चारही एकमेकांची साक्ष देतात.

रुपयांचेही तसेच. आपल्या आजीच्या तोंडी ‘राणीछाप’ हा शब्द असे. तो तोळाभर चांदीचा रुपया मुंबईहून मोत्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर या किनाऱ्यावर आला आणि रुपयाचे चलन इथे १९६६ पर्यंत चालले. १९११ साली पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया निघाला. त्याच्या झग्यावरच्या पदकात हत्ती खोदला होता, पण सोंड इतकी तोकडी की लोकांना ते डुक्कर वाटले. मुसलमान समाजात विशेष नाराजी झाली. सरकारला नाणे मागे घेऊन १९१२ मध्ये नवा ठसा काढावा लागला. खोदणाऱ्याने सगळे लक्ष राजाच्या चेहऱ्याला दिले. ज्यांनी ते नाणे वापरावयाचे त्यांनी मात्र झग्याचा कोपरा पाहिला. संग्रहात हा रुपया दुर्मिळ म्हणून मिरवतो. मला त्याचे मोल वाटते ते प्रजेने राजाचे चित्र किती बारकाईने तपासले याची ती निशाणी आहे म्हणून. राजे गेले, रुपया गेला, १९७३ मध्ये दिरहम आला. पण इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात पैशाला अजून ‘बैजात’ म्हणतात. तो आपलाच पैसा.

आता आपल्या पेट्यांकडे वळू. आपल्या समाजातील पुष्कळ माणसे पलटणीत, रेल्वेत, पोस्टात, इस्पितळांत नोकरी करीत असत. त्यांची पत्रे एडनहून, कराचीहून, मुंबईहून गावाकडे जात. एडनलाही १९३७ पर्यंत हिंदुस्थानचीच तिकिटे चालत. म्हणजे तिथलेही कोरे तिकीट मुके आणि शिक्का बोलका. देश सोडताना या पत्रांचे पुडके पेटीच्या तळाशी आले. आज लोदला, अश्दोदला, दिमोनाला किंवा आणखी कुठे, नातवंडांना ते सापडते. अक्षर मोडी किंवा बाळबोध, दोन्ही त्यांना वाचता येत नाही. वाचता येतो तो राजाचा चेहरा. मग कोपरा कापला जातो, तिकीट कोमट पाण्यात सुटते, वहीत जाते आणि पाकीट केरात. ग्रँगरच्या काळातली कात्री ती हीच.

बाजारात त्या सुट्या तिकिटाला बहुधा काहीच किंमत येत नाही. अशी तिकिटे लाखांनी छापली गेली होती. जे एकच होते ते आपण टाकले: कोणत्या साली, कोणत्या गावाहून, कोणी कोणाला लिहिले याचा कागदोपत्री पुरावा. आपल्यासारख्या विखुरलेल्या लोकांजवळ असे पुरावे थोडे आहेत. आजोबा एडनला होते असे घरात सांगतात, पण कोणत्या वर्षी ते सांगणारे आता राहिले नाहीत. शिक्क्यावर ते वर्ष असते.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. तिकीट कापू नये, भिजवू नये. पाकीट आणि आतले पत्र एकत्र ठेवावे. चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडून कागदाला खाते. प्लास्टिकमध्ये गरम करून बंद करू नये. आखातासारख्या दमट हवेत पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पाकिटावर काही लिहू नये. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने नावे, नाते आणि गाव लिहून ती सोबत ठेवावी. हे काम घरातले एखादे वडील माणूस जवळ बसून सांगत असतानाच करून घ्यावे. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. पत्रात काय आहे ते त्यांच्याकडून उतरवून घेता येईल, पण पाकीट एकदा केरात गेले की ते पुन्हा मिळणार नाही.