टांग्याचे उलटे चाक

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत खंडोबाचे दर्शन झाले की आम्हां मुलांचे पाय टुरिंग टॉकीजच्या तंबूकडे वळत. तिथे पाहिलेल्या एका चित्रपटाचे नाव आता आठवत नाही. त्यातला टांगा मात्र आठवतो. घोडा पुढे दौडत होता आणि चाके उलटी फिरत होती! शाळेत गुरुजींना विचारले, तर ‘डोळ्यांचा भ्रम आहे, बस खाली,’ असे उत्तर मिळाले. अलीकडे लातूरला शिक्षकांच्या एका शिबिरात हाच प्रश्न निघाला, तेव्हाही बहुतेकांचे उत्तर तेच होते.

चित्रपटातील विसंगती हेरण्याचा छंद पुष्कळांना असतो. पौराणिक पात्राच्या मनगटावरचे घड्याळ, क्षणात रिकामा होणारा पेला. अशा चुकांना हसावे आणि सोडून द्यावे. उलटे चाक मात्र त्या जातीचे नाही. त्यात दिग्दर्शकाचा हलगर्जीपणा नाही, आणि डोळ्यांवर खापर फोडणेही अन्यायाचेच आहे.

थोडे गणित करू. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला 24 चित्रे घेतो. चाकाला 12 आरे असतील, तर शेजारच्या दोन आऱ्यांत 30 अंशांचे अंतर असते. दोन चित्रांच्या दरम्यान चाक बरोबर 30 अंश फिरले, तर प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी येतो आणि चाक थांबल्यासारखे दिसते. ते 28 अंश फिरले, तर प्रत्येक आरा त्या जागेच्या 2 अंश अलीकडे राहतो. आरे सगळे सारखेच असतात. कोणता कुठून आला हे चित्रावरून कळत नाही. मेंदू जवळात जवळची जुळणी धरतो आणि चाक 2 अंश मागे गेलेले दिसते. 15 ते 30 अंशांच्या दरम्यान सर्वत्र असेच घडते. चाकाचा व्यास 1.2 मीटर धरला, तर हा वेग ताशी सुमारे 14 ते 27 किलोमीटर येतो. दौडत्या टांग्याचा वेग साधारण एवढाच असतो! म्हणजे माहिती हरवते ती कॅमेऱ्यात. एका आऱ्याला लाल चिंधी बांधा. चिंधी मात्र सरळ फिरताना दिसेल.

दुसरी तक्रार आपल्या नेहमीच्या स्पष्टीकरणाविषयी. ‘दृष्टिसातत्यामुळे चित्रे हलती दिसतात’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षे लिहून घेत आलो. पण आधीचे चित्र डोळ्यांत नुसते रेंगाळले, तर चित्रांवर चित्रे चढून गिचमिड होईल. गती दिसणार नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थायमर यांनी 1912 मध्ये दाखवून दिले, की दोन रेषा थोड्या अंतरावर एकापाठोपाठ उमटल्या, तर पाहणाऱ्याला एकच रेषा सरकताना दिसते. गती जुळवतो तो मेंदू.

त्याच वर्षी दादासाहेब फाळके वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपत होते. ठरावीक वेळाने थोडी थोडी चित्रे घेऊन त्यांनी कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दाखवली. चाकाच्या बाबतीत दोन चित्रांमधली जी फट आपल्याला फसवते, तीच इथे डोळ्यांना न दिसणारे सत्य दाखवते. ‘लंकादहन’मध्ये (1917) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. ‘कालिया मर्दन’च्या (1919) आरंभी तर फाळक्यांनी आपल्या मुलीचे, मंदाकिनीचे, वेगवेगळे हावभाव दाखवले आणि मगच तिला कृष्णाच्या रूपात आणले. युक्ती आधी उघड केली म्हणून कृष्ण खोटा पडला नाही. फाळके मला थोर वाटतात ते यासाठी. चमत्कार दाखवून हात लपवणारे आपल्या गावोगावी थोडे नाहीत.

‘भ्रम’ हा शब्द प्रश्नाचे उत्तर देत नाही, त्याचे तोंड बंद करतो. वर्गात पंखा असेल, तर भरपूर उजेडात मोबाइलने त्याचे चित्रीकरण करा आणि रेग्युलेटरने वेग हळूहळू बदला. पाती कधी सरळ, कधी उलटी, कधी थबकलेली दिसतील. मग मुलांनाच विचारा : पंखा खोटा, डोळा खोटा, की कॅमेरा? वर्गात वाद झडू द्या. ‘बस खाली’ एवढे मात्र म्हणू नका.